नकाशा पोर्टलवर, गाव डोंगराखाली

घोडेगावच्या परिसरात मी भूगोल शिकवतो. वर्गातली बरीच मुलं डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची, आहुपे, तिरपाड, असाणे, फुलवड्याची. काही जुन्नरच्या हातवीज-दुर्गावाडीकडची. भात, नाचणी, हिरडा यांवर घर चालवणाऱ्या आईबापांची ही मुलं आज पायथॉनमध्ये नकाशे काढतात. त्यांच्या गावाला कोणत्या उतारावरून धोका आहे, हे त्यांना स्वतःच्या नकाशावर मांडता आलं पाहिजे, आणि त्याची वाट सरकारने मोकळी ठेवली पाहिजे, असं माझं ठाम म्हणणं आहे.

30 जुलै 2014 च्या सकाळी याच परिसरातलं माळीण गाव दरडीखाली गेलं. 151 माणसं गेली. गाव जागेवर नाही, ही खबर बाहेर आली ती तिकडे गेलेल्या एसटीच्या चालकाकडून. त्याच सुमारास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरातल्या डोंगराळ भागाचा दरडप्रवणता नकाशा हाती घेतला. सुमारे सव्वाचार लाख चौरस किलोमीटरचा हा नकाशा आता तयार आहे आणि ‘भूकोश’ पोर्टलवर पाहताही येतो. इस्रोचं ‘भुवन’ तर 2009 पासून आहे. मग अडतं कुठे? पोर्टलवर नकाशा बघता येतो, पण त्यावर आपली वाडी, आपला ओढा, आपली शाळा ठेवून तो ग्रामपंचायतीत सहज टांगता येत नाही.

हे जमवण्याची रीत जुनी आणि साधी आहे. वेब मॅप सर्व्हिस, म्हणजे डब्ल्यूएमएस, 2000 साली प्रमाण म्हणून ठरली. नकाशा ज्याच्याकडे आहे त्या सर्व्हरला तुकड्याच्या चार कडा सांगायच्या, थराचं नाव सांगायचं, चित्र किती पिक्सेलचं हवं ते सांगायचं. तो तेवढंच चित्र पाठवतो. पायथॉनमध्ये ओडब्ल्यूएसलिब ही लायब्ररी अशी मागणी करते, मॅटप्लॉटलिब चित्र मांडते आणि कार्टोपायमध्ये तर एका ओळीत काम होतं. त्या चित्रावर मुलं मोबाइलच्या जीपीएसने टिपलेली घरं आणि पाणवठे ठेवतात. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

खाचाखोचा आहेत, पण त्या शिकवता येतात. या सेवेच्या 1.1.1 आवृत्तीत नेहमीच्या अक्षांश-रेखांश पद्धतीसाठी रेखांश आधी लिहायचा, 1.3.0 मध्ये अक्षांश आधी. माळीण आहे 19 अंश उत्तर, 73 अंश पूर्वेच्या पुढे. हे दोन आकडे उलटे पडले की सर्व्हर बिनतक्रार नॉर्वेच्या उत्तरेकडचा समुद्र दाखवतो. शिवाय मॅटप्लॉटलिबला चित्राच्या कडा डावी, उजवी, खालची, वरची अशा क्रमाने हव्यात, आणि डब्ल्यूएमएसचा क्रम वेगळा. म्हणून मुलांना मी आधी डिंभे जलाशयाचा काठ जुळवायला लावतो. तो जुळला, तरच पुढचं बोलायचं.

याहून मोठी गोष्ट प्रमाणाची. दरडप्रवणतेचा हा नकाशा 1:50,000 प्रमाणावर आहे, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. दीडशे मीटर लांबीची वाडी त्यावर तीन मिलिमीटरची. पण डब्ल्यूएमएसकडे त्याच वाडीचं दोन हजार पिक्सेलचं चित्र मागितलं तरी ती सेवा ते देते, आणि लाल-पिवळ्या पट्ट्यांची सीमा एखाद्याच्या अंगणातून गेलेली दिसते. ती रेघ तेवढी अचूक नसते. शिवाय आलेलं असतं ते नुसतं चित्र. रंगामागचा उतार, मातीची जाडी, खडकाची झीज त्यात नसते. म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात मूळ संस्था, वर्ष आणि प्रमाण लिहिल्याशिवाय तो छापू नये, हा आमच्या प्रयोगशाळेचा नियम आहे. पिवळ्यात आलेल्या घरातला माणूस त्या रंगाच्या भरवशावर निर्धास्त झोपला, तर त्याची जबाबदारी नकाशा काढणाऱ्यावर येते.

इतक्या मर्यादा असूनही हा नकाशा दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीपेक्षा बरा. जुलै 2023 मध्ये खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. ती त्या यादीत नव्हती, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. यादीत गावांची नावं असतात; डोंगराच्या पोटाशी असलेली वाडी त्यातून सहज निसटते. नकाशा उतार बघतो, नाव बघत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट करतो. दरड, पूर, भूजल अशा प्रत्येक सरकारी नकाशाचा डब्ल्यूएमएस पत्ता जाहीर असावा, लॉगिनशिवाय चालावा आणि वरचेवर बदलू नये. नासाची गिब्स सेवा उपग्रहचित्रं अशीच कुणालाही देते. आमची मुलं तिच्यावरच हात बसवतात. पण जुलैत सह्याद्रीवर तिच्यात पांढऱ्या ढगांपलीकडे फारसं काही दिसत नाही, आणि आपल्या उतारांचा अभ्यास आपल्याच संस्थांनी केलेला आहे. थरांची नावं आणि रंगांची सूची मराठीतही हवी. ‘महाभूनकाशा’ या पोर्टलवरचे गट नंबरही अशाच सेवेतून मिळाले, तर तलाठी आणि शेतकरी एकाच कागदावर बोट ठेवून बोलतील.

छापलेला नकाशा 1 मेच्या ग्रामसभेत मांडावा. पावसाला तेव्हा महिनाभर असतो. पडकईसाठी, म्हणजे उतारावर भातखाचरं करण्यासाठी, डोंगर कुठे कापला, ओढा कुणी वळवला, माथ्यावरच्या कोणत्या बांधाला गेल्या पावसाळ्यात भेग पडली, हे सांगणारी माणसं त्याच सभेत बसलेली असतात. त्यांनी पेनाने केलेल्या खुणा आमची मुलं पुढच्या थरात चढवतील.