किल्ल्या कोणाच्या कमरेला?

गेल्या महिन्यांत आमच्या एका वाचकभगिनीचें पत्र आलें. तिच्या सासऱ्यांचा पंपांचे सुटे भाग ओतण्याचा कारखाना आहे. साठ-सत्तर माणसें कामावर आहेत. भीमरथी शांतीच्या दिवशीं आप्तेष्टांसमक्ष सासऱ्यांनीं कारखाना मुलाच्या स्वाधीन केल्याचें जाहीर केलें, तेव्हां सर्वांचे डोळे पाणावले. दुसरे दिवशीं सकाळीं बरोबर नऊ वाजतां वृद्ध गृहस्थ नेहमींप्रमाणें कचेरींत येऊन नेहमींच्याच खुर्चीवर बसले आणि टपाल फोडूं लागले. मुलगा शेजारच्या खोलींत बसला. या गोष्टीला आतां दोन वर्षें होत आलीं. मध्यंतरीं मुलानें तोट्यांत चाललेला एक जुना माल बंद करण्याचें ठरविलें. त्याच रात्रीं ओतशाळेचा जुना मुकादम घरीं येऊन माडीवर वडिलांना भेटून गेला, आणि सकाळीं मुलाचा हुकूम रद्द झाला. आतां मुलाला पुण्याच्या एका कंपनींत नोकरी मिळत आहे. 'यांनीं जावें कीं राहावें?' असा प्रश्न या बाईंनीं आम्हांस केला आहे.

प्रश्न एका घरचा असला तरी तो देशांतील मोठमोठ्या पेढ्यांनाहि सुटलेला नाहीं. धंदा उभारण्याची विद्या पुष्कळांना साधते. तो दुसऱ्याच्या हातीं देण्याची फार थोड्यांना. मनूनें गृहस्थाला सांगितलें आहे कीं, अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवाचें तोंड पाहिलें म्हणजे वनांत जावें. यांतील वयाचा भाग सर्वांच्या ध्यानांत राहतो. वनाचा भाग आम्ही सोयीनें विसरतों. स्मृतिकारांना मनुष्यस्वभाव चांगला ठाऊक असावा. म्हातारा माडीवर राहिला, तर मुकादम जिना चढणारच.

इन्फोसिसचें उदाहरण घ्या. ही कंपनी सात तरुण अभियंत्यांनीं १९८१ सालीं आपल्या पुण्यांतच काढली. श्रीमती सुधा मूर्ति यांनीं दिलेल्या दहा हजार रुपयांवर तिचा आरंभ झाला. पहिलें भांडवल पत्नीच्या शिलकेंतून आलें, हें आमच्या बंधूंनीं विसरूं नये. श्री. नारायण मूर्ति हे २००२ पर्यंत मुख्याधिकारी होते, आणि पुढें अध्यक्षपदावरून पासष्टी पूर्ण झाल्यावर ऑगस्ट २०११ मध्यें खरोखरच बाजूला झाले. गोष्ट येथें संपली असती तर आम्हीं ती मुलांच्या क्रमिक पुस्तकांत घालावी असें सुचविलें असतें. पण कंपनीची गति मंदावली, आणि जून २०१३ मध्यें मंडळानें त्यांना परत बोलाविलें. ते एक रुपया वेतनावर आले व आपल्या कचेरींत पुत्रालाहि मदतनीस म्हणून घेऊन आले; वर्षभरानें दोघेहि गेले. १ ऑगस्ट २०१४ रोजीं श्री. विशाल सिक्का हे संस्थापकांच्या वर्तुळाबाहेरचे पहिले मुख्याधिकारी झाले. पुढें त्यांचें वेतन, जाणाऱ्या एका अधिकाऱ्याला दिलेली रक्कम, अशा बाबींवर मूर्ति यांनीं जाहीर हरकत घेतली, आणि १८ ऑगस्ट २०१७ रोजीं सिक्का यांनीं राजीनामा दिला. मंडळानें त्याचें खापर मूर्ति यांच्या टीकेवर फोडलें. मूर्ति यांनीं तो आरोप बिनबुडाचा ठरविला. आठवड्याच्या आंत श्री. नंदन नीलेकणी, म्हणजे पुन्हां एक संस्थापकच, अध्यक्ष होऊन आले.

मूर्ति यांचे आक्षेप चुकीचे होते असें आम्ही म्हणत नाहीं. भागीदार या नात्यानें पैशाचा जाब विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. परंतु संस्थापकानें विचारलेला प्रश्न लोकांना प्रश्न वाटत नाहीं, निकाल वाटतो. आणि याची जाणीव ठेवून बोलणें हें सत्तर वर्षांच्या कर्त्या पुरुषाला फार जड जातें.

टाटांच्या घरांत तर याहून खोल पाणी आहे. जे. आर. डी. टाटा १९३८ सालीं अध्यक्ष झाले आणि १९९१ सालीं, शहाऐंशी वर्षांचे असतां, त्यांनीं तें पद रतन टाटांना दिलें. कंपन्यांच्या प्रमुखांवर विश्वास टाकून त्यांना मोकळें सोडावें हा जे. आर. डीं.चा स्वभाव. त्यामुळें माणसें मोठीं झालीं हें खरें. पण जो तो आपापल्या परगण्याचा सरदार होऊन बसला. रतन टाटांना निवृत्तीच्या वयाचा नियम लावून ही सरदारी मोडावी लागली. तोच नियम स्वतःला लावून २८ डिसेंबर २०१२ रोजीं, पंचाहत्तराव्या वाढदिवशीं, ते पदावरून उतरले, व सायरस मिस्त्री त्या जागीं बसले. परंतु टाटा सन्सचें सुमारें दोनतृतीयांश भागभांडवल टाटांच्या धर्मादाय न्यासांकडे, आणि मुख्य न्यासांचे अध्यक्ष पुन्हां रतन टाटाच! २४ ऑक्टोबर २०१६ रोजीं मंडळानें मिस्त्रींना दूर केलें. रतन टाटा कांहीं महिने त्या खुर्चीवर परत आले. आणि २६ मार्च २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मंडळाची कृति कायदेशीर ठरविली. आज दोघेहि हयात नाहींत, तेव्हां कोणाची बाजू खरी या वादांत शिरण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. खुर्ची दिली होती, किल्ल्या दिल्या नव्हत्या, एवढेंच आम्हांस दिसतें. सासूबाई स्वयंपाकघर सुनेच्या स्वाधीन करतात आणि तुपाच्या फडताळाची किल्ली तशीच कमरेला ठेवतात. मग शिरा कोरडा झाला तर दोष सुनेच्या हाताचा!

आतां आमच्या भगिनीकडे वळूं. बँकेच्या चेकांवर सही कोणाची चालते आणि कारखान्याचे भाग कोणाच्या नांवावर आहेत, असें आम्हीं त्यांना उलट टपालीं विचारलें. दोन्ही गोष्टी सासऱ्यांच्याच नांवावर आहेत असें उत्तर आलें. म्हणजे शांतीच्या दिवशीं मुलाला मिळालें तें केवळ उपरणें.

तरीहि सर्व दोष वडिलांच्या पदरीं घालणें अन्यायाचें होईल. जो माल बंद करण्याचें ठरलें त्याचा पहिला सांचा वडिलांनीं चाळीस वर्षांपूर्वीं स्वतःच्या हातानें केला होता, आणि तो बंद झाल्याची वार्ता त्यांना कारखान्याच्या सूचनाफलकावर वाचावी लागली, असें पहिल्या पत्राच्या अखेरीस एका ओळींत आलें आहे. ती ओळ आम्हांस सर्व पत्रांत महत्त्वाची वाटली. माधवरावांना १७६१ सालीं, सोळाव्या वर्षीं, पेशवेपद मिळालें, पण कारभारावर हात चुलत्याचा. पुढील वर्षीं आळेगांवच्या लढाईनंतर राज्याचे दोन तुकडे होण्याची वेळ आली, तेव्हां ते आपण होऊन राघोबादादांच्या स्वाधीन झाले. १७६३ सालीं राक्षसभुवनास निजामाविरुद्ध त्यांची कर्तबगारी दिसली, आणि मग कारभार हळूहळू त्यांच्याकडे आला. दादांचें मन मात्र वळलें नाहीं. १७६८ सालीं धोडपच्या लढाईनंतर त्यांना शनिवारवाड्यांत नजरकैदेंत ठेवावें लागलें. मुलांनीं या कथेचा पूर्वार्ध घ्यावा आणि वडिलांनीं उत्तरार्ध वाचावा.

तेव्हां चिरंजीवांनीं नोकरीचें पत्र वडिलांपुढें ठेवावें. लपवूं नये व धमकी म्हणूनहि दाखवूं नये. सूचनाफलकाबद्दल प्रथम क्षमा मागावी. मग दोनच गोष्टी मागाव्या: चेकावरील सही, आणि मुकादम माडीवर आला तर 'उद्यां कचेरींत मुलाला सांग' एवढें एक वाक्य. तिसरी गोष्ट मागावयाची नाहीं, द्यावयाची आहे. ओतशाळेंत येणाऱ्या नव्या पोरांना सांचे करण्याचें काम शिकविण्यास वडिलांसारखा मनुष्य पंचक्रोशींत मिळणार नाहीं. तें खातें सर्वस्वीं त्यांचें असावें व त्यांत मुलानें तोंड घालूं नये. ज्या हातांनीं चाळीस वर्षें सांचे केले त्यांना टपालाखेरीज दुसरें काम नसेल, तर ते टपालच फोडतील. इतकें करूनहि नकार आला तर पाया पडून पुण्यास जावें. त्यांत कृतघ्नता आहे असें आम्ही मानीत नाहीं.

आणखी एक. दोन्ही पत्रांत सासूबाईंचा उल्लेख कोठेंहि नाहीं. त्या रात्रीं मुकादमासाठीं माडीवर चहा कोणीं नेला, तें भगिनीनें आम्हांस अवश्य कळवावें.