काटकसर कोणाच्या फायद्याची? वीजदरांचा इतिहास

१/ ‘वीज वाचवा’ हा उपदेश आपण शाळेच्या भिंतीपासून वीजबिलापर्यंत सर्वत्र वाचतो. जणू काटकसर हा केवळ ग्राहकाच्या शीलाचा प्रश्न आहे. इतिहास वेगळे सांगतो. वीज वाचवणे शहाणपणाचे ठरेल की तोट्याचे, हे बऱ्याच अंशी दरपत्रक ठरवते. आणि दरपत्रक माणसेच लिहितात.

२/ १८८० चे दशक. वीज म्हणजे मुख्यतः दिवे. सायंकाळी ते एकदम लागत आणि रात्री मालवत. त्या मोजक्या तासांच्या मागणीसाठी उभारलेली यंत्रे उरलेला दिवस जवळजवळ रिकामी असत. त्यांच्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज मात्र चोवीस तास चाले.

३/ १८९२ मध्ये ब्रिटिश अभियंता जॉन हॉपकिन्सन यांनी या खर्चाचे दोन भाग पाडले: सदैव सज्ज राहण्याचा खर्च आणि प्रत्यक्ष वीज निर्माण करण्याचा खर्च. आकारणीही तशीच दुहेरी असावी, असे त्यांचे म्हणणे. आपल्या बिलातील ‘स्थिर आकार’ आणि ‘वीज आकार’ ही याच विचाराची अपत्ये. पुढे ब्रायटनच्या आर्थर राइट यांनी ग्राहकाची कमाल मागणी नोंदवणारे मापक वापरात आणले.

४/ एडिसनचे माजी सचिव सॅम्युएल इन्सल १८९२ मध्ये शिकागो एडिसन कंपनीचे अध्यक्ष झाले. १८९४ मध्ये त्यांनी ब्रायटनची पद्धत पाहिली आणि शिकागोत आणली. पहिली युनिटे महाग, पुढची स्वस्त. शिवाय दिवसा वीज वापरणाऱ्या ट्राम कंपन्या आणि कारखाने त्यांनी ग्राहक म्हणून जोडले. रिकामी यंत्रे चालू लागली, सरासरी खर्च उतरला आणि दरही उतरले.

५/ म्हणून इन्सल यांना खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. त्या काळी जास्त वापर म्हणजे खरोखरच सर्वांना स्वस्त वीज. श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील चैन सामान्यांच्या घरात आली, ती याच हिशेबाने.

६/ पण या रचनेत उधळपट्टीचे बीज होते. उदाहरणादाखल, पहिल्या १०० युनिटांना ८ सेंट आणि पुढच्यांना ३ सेंट दर आहे असे समजा. विजेवर ऊब देणाऱ्या घराच्या मालकाने भिंतींत उष्णतारोधक थर घालून ५० युनिटे वाचवली, तर वाचतात ती स्वस्तातली. ८ सेंटांऐवजी ३ सेंटच हाती येतात. मग थराचा खर्च कोण करील?

७/ कंपनीचेही तेच. नियामक आयोगाने दर ठरवून दिल्यावर, पुढील फेरआढाव्यापर्यंत जितकी विक्री अधिक तितका नफा अधिक. १९५० च्या दशकात अमेरिकी वीज उद्योगाने सर्व कामे विजेवर चालणाऱ्या घरांचा जोरदार प्रचार केला, त्यांना ‘गोल्ड मेडॅलियन’ अशी मानचिन्हेही दिली. काटकसरीचा प्रचार त्याने का करावा?

८/ १९७३ च्या तेलसंकटाने हा हिशेब उघडा पाडला. इंधन महागले, नवी वीजकेंद्रे जुन्यांपेक्षा खर्चिक ठरू लागली. १९७८ च्या संघीय कायद्याने राज्यांच्या आयोगांना घटत्या टप्प्यांचे दर तपासण्यास आणि वेळेनुसार दरांचा विचार करण्यास सांगितले.

९/ कॅलिफोर्नियाने १९८२ पासून विक्री आणि उत्पन्न यांची फारकतच केली. कंपनीचे मान्य उत्पन्न आयोगाने ठरवायचे. त्याहून जास्त जमा झाल्यास ग्राहकांना परत, कमी पडल्यास पुढील दरातून भरपाई. ग्राहकाची बचत हा कंपनीचा तोटा उरला नाही.

१०/ १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पुढे अनेक दशके तेथील दरडोई वीजवापर जवळपास स्थिर राहिला, उर्वरित अमेरिकेत मात्र वाढत गेला. सारे श्रेय दररचनेचे नव्हे. इमारती आणि उपकरणांची कडक मानके, सौम्य हवामान आणि उद्योगांचे स्वरूप यांचाही त्यात वाटा आहे. तरीही बचतीला विरोध करण्याचे कंपन्यांचे मोठे कारण संपले, हे थोडे नव्हे.

११/ आता महाराष्ट्र. घरगुती दरांचे टप्पे येथे चढते आहेत: ० ते १००, १०१ ते ३०० आणि पुढे. म्हणजे इन्सल यांच्या नेमके उलट. मात्र मीटर नसलेल्या कृषिपंपांची आकारणी अश्वशक्तीवर होते. पंप एक तास चालो वा आठ तास, आकारणी तीच. मग कार्यक्षम पंपासाठी जादा पैसे का मोजावेत? तेथे मागणी आवरते ती दराने नव्हे, पुरवठ्याचे तास मोजून देण्याने.

१२/ केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार वेळेनुसार दर येत आहेत: सौर तासांत सर्वसाधारण दराहून किमान २० टक्के स्वस्त, कमाल मागणीच्या तासांत महाग. रिकामी क्षमता भरण्याची ही इन्सल यांचीच युक्ती. ती आवश्यक आहे. पण वापर पुढे-मागे सरकवणे म्हणजे वापर कमी करणे नव्हे. शिवाय दिवसभर कामावर असणाऱ्या कुटुंबाला दुपारच्या सवलतीचा उपयोग किती?

१३/ माझे मत स्पष्ट आहे. दरवाढीची बातमी वाचताना सरासरी टक्केवारीवर थांबू नका. स्थिर आकार किती वाढला? कारण तो वाढवून युनिटाचा दर उतरवला, तर बचतीचे मोल घटते. शेवटचे युनिट वाचवल्यास हाती किती येते? आणि तुमच्या बचतीने विक्रेत्याचे नुकसान होते का? ही उत्तरे काटकसरीच्या विरोधात जात असतील, तर भिंतीवरचा उपदेश कितीही मोठ्या अक्षरांत लिहिला तरी व्यर्थ आहे.