परत येताना

येरुशलेमहून यरीहोला उतरणारी वाट. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला एक वाटसरू. याजक आला, लेवी आला. दोघेही बगल देऊन गेले. थांबला तो शोमरोनी, ज्याच्या लोकांशी यहुद्यांचं पिढ्यान् पिढ्यांचं वाकडं.

येशूच्या या दृष्टान्तातली दया आपल्याला आठवते, जबाबदारी निसटते. शोमरोन्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेलं, मालकाला दोन दिनार दिले आणि वरचा खर्च परत येताना चुकता करण्याचा शब्द दिला. गोष्टीचं मर्म त्या ‘परत येताना’मध्ये आहे.

आपल्या सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर गाडी पोहोचत नाही, तिथून अडलेली बाई बांबूच्या झोळीतून खाली आणतात. एक खांदा दुखला की दुसरा पुढे होतो. कुणी कुणाला विचारत नाही. इकडे कोंडाईबारी घाटात अपघात झाला, की आधी मोबाइल बाहेर निघतो. पोलिसांचं लचांड नको, ही सबबही आता उरली नाही: २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं आणि मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं.

पण झोळी वाहणाऱ्यांची पाठ थोपटायची आणि रस्ता मात्र करायचा नाही, हेही बगल देणंच. नंदुरबार जिल्हा झाला १९९८ साली. तेव्हापासून ‘परत येतो’ म्हणून गेलेले किती आणि खरंच परतलेले किती, हा हिशेब या अंकात मांडला आहे. त्यात आपलंही खातं आहे.

— संपादक