"असेंब्लीच बदलावी लागेल, सर"

मंडळी, आजचा लेख जरा रागात लिहितो आहे. एखादा शब्द कडक लागला तर म्हाताऱ्याला सांभाळून घ्या. राग आहे तो वर शीर्षकात दिलेल्या वाक्यावर.

गेल्या वर्षी मे महिन्यात मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यात लग्नाला गेलो होतो. गावात शिरताना गाडीच्या पोटाला दगड लागला. आवाज मोठा झाला, पण गाडी चालत राहिली, म्हणून मीही फार मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीला आमच्या अंगणात पाहतो तर गाडीखाली ताटाएवढा काळपट डाग! बोट लावून हुंगलं. गंधकासारखा उग्र वास. म्हणजे इंजिनचं नव्हे, गिअरचं ऑइल. गिअरबॉक्सची जी ॲल्युमिनियमची पेटी असते, तिला गॅरेजात केसिंग म्हणतात, तिला तडा गेला होता.

गाडी ओढून एका मोठ्या चकचकीत सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या तरुणाने खालून टॉर्च मारला, संगणकात पाहिलं आणि ते वाक्य उच्चारलं. खर्च अडुसष्ट हजार. मी विचारलं, "नुसतं केसिंग नाही मिळत?" तर म्हणे, "सिस्टिममध्ये दाखवत नाही." म्हटलं, "वेल्डिंग?" तो हसला. "आता कोणी करत नाही हो सर ते."

गाडी २००९ ची. निवृत्त झालो तेव्हा फंडाच्या पैशातून घेतलेली. पंधरा वर्षं झाली तेव्हा पाच हजार रुपये भरून फेरनोंदणी करून घेतली. (२०२२ च्या एप्रिलपर्यंत हेच शुल्क सहाशे होतं!) विकायला काढली तर ऐंशी-नव्वद हजार कुणी देईल. चिरंजीवांचा पुण्याहून फोन आला, "बाबा, विकून टाका आता. लागेल तेव्हा टॅक्सी बोलवा." हिशेबाने मुलगा चुकीचं बोलत नव्हता. पण एक गोष्ट त्याच्या हिशेबात नव्हती. हिची थोरली बहीण अकोल्याला अंथरुणाला खिळून आहे. दर दुसऱ्या रविवारी आम्ही जातो. हिला गुडघ्यांमुळे एस.टी.ची पायरी चढवत नाही, आणि दर पंधरा दिवसांनी अकोल्याला जाऊन-येऊन टॅक्सी माझ्या पेन्शनला झेपणारी नाही. गाडी गेली की दोघी बहिणींच्या भेटी संपल्या.

म्हणून आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. ते आधी गाडीखाली आडवे झाले, मग बोलले. "सर, गिअरबॉक्स उतरवल्याबिगर मी काई सांगत नाई."

दोन दिवसांनी बोलावलं. पेटी रिकामी करून धुऊन ठेवली होती. मिस्त्रींनी फडक्याने रॉकेल लावलं (आजकाल तेही शोधून आणावं लागतं), थोड्या वेळाने पुसून कोरडं केलं आणि मला म्हणाले, "सर, खडू हाय का?" निवृत्त मास्तरच्या पिशवीत कशाला असणार खडू! समोरच्या दुकानातून आणला. त्यांनी त्याची पूड करून पेटीवर भुरभुरली. पाच मिनिटांत त्या पांढऱ्या पुडीतून एक ओली रेघ वर आली. चांगली तीन बोटं लांब. तड्यात मुरलेलं रॉकेल खडूने शोषून घेतलं होतं. पस्तीस वर्षं मी खडू वापरला, त्याचा हा उपयोग मला ठाऊक नव्हता.

तडा तळाच्या भिंतीत, ऑइल काढायच्या बोल्टाजवळ होता. मिस्त्री म्हणाले, "बेअरिंगच्या घरापाशी असता, तं मीच म्हटलं असतं बदला म्हणून. तेथं वेल्डिंगनं भोक वाकडं होते, मंग गिअर रडतात. हे भरते. पण अकोल्याले न्या, तेथं आर्गनवाला हाय."

वाचकहो, या चार वाक्यांकडे नीट पाहा. काय दुरुस्त होतं, काय होत नाही, आणि का, हे सारं त्यात आलं. यालाच मी निदान म्हणतो. सर्व्हिस सेंटरमध्ये मला मिळालं ते दरपत्रक.

पेटी पोत्यात बांधून मी एस.टी.ने अकोल्याला निघालो. माझं अर्धं तिकीट, पेटी फुकट. रस्ता आता सुरेख आहे. याच अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. आनंदच आहे. पुढे मूर्तिजापूर लागलं आणि आमची शकुंतला आठवली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत त्या चिमुकल्या रुळांवर गाडी ओढत होतं. सत्तर वर्षं! ते काही आपोआप चालत नव्हतं. शेडमध्ये काळ्या हातांची माणसं त्याला रोज जगवत होती. त्यांच्या नावाने कुठे विक्रम नोंदलेला नाही.

अकोल्याच्या एम.आय.डी.सी.तला आर्गनवाला एरवी डाळ मिलची आणि पंपांची कामं करतो. त्याने आधी पेटी तापवून भिंतीत मुरलेलं तेल घामासारखं बाहेर काढलं. तेल राहिलं तर वेल्डिंगला बुडबुडे येतात. तडा पुढे पळू नये म्हणून दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, मधे खाच कोरली. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि लोखंडासारखं आधी लाल होऊन सूचनाही देत नाही. वर ऑक्साइडची जी साय असते, ती वितळायला दोन हजारांहून जास्त अंश लागतात. साय फुटली पाहिजे आणि खालचा धातू ओघळता कामा नये, एवढ्याशा फटीत त्याचा हात चालतो. थोडं भरायचा, थांबायचा, पुन्हा भरायचा. शेवटी पेटी झाकून हळूहळू निवू दिली आणि तिची कड सपाट राहिली की नाही हे पट्टी लावून पाहिलं. मजुरी अठराशे रुपये. मिस्त्रींची मजुरी, सीलं आणि नवं ऑइल धरून सगळे दहा हजार सातशे. मी रोज सकाळी गाडीखाली पुठ्ठा ठेवून पाहतो. आजपर्यंत कोरडा आहे.

आता आक्षेप. पुतण्या म्हणतो, "काका, बदललेला माल भंगारात जातो, वितळून पुन्हा वापरतात." खरं आहे. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला नव्याने काढण्याच्या मानाने पाच टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा लागते. पण बाबा रे, तीन बोटांच्या भेगेसाठी सगळे गिअर, शाफ्ट, बेअरिंगा, आख्खा धडधाकट गिअरबॉक्स भंगारात घालायचा? इथे बोटभर तारेत काम झालं. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तोही मान्य. ब्रेक, स्टिअरिंग यांत जुगाड करू नये, आणि तड्यावर एम-सील थापून "झालं" म्हणणाऱ्याच्या दारात उभंही राहू नये. पण कुठे थांबायचं हे त्या मिस्त्रींना माहीत होतं, आणि ते त्यांनी मला न विचारता सांगितलं.

सर्व्हिस सेंटरच्या पोरावर माझा राग नाही. त्याला पेटी उघडायला कोणी शिकवलंच नाही, भाग विकायला शिकवलं. हे वरपासून चालत आलेलं आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. कारण सुटे भाग, हत्यारं आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकांना खुली मिळत नव्हती. पुढे अपिलं झाली. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, त्यात मोटारींबरोबर शेतीची अवजारंही आहेत. चांगलंच आहे. पण हक्क मिळाला आणि दुरुस्त करणाराच उरला नाही, तर तो हक्क घेऊन जायचं कुठे?

इथे मला स्वतःबद्दल लिहावं लागेल. वर्गात एखाद्या पोराला व्याकरण आलं नाही की मी म्हणायचो, "तुझ्याच्यानं नाही होणार, आयटीआयला जा." शिवी दिल्यासारखं म्हणायचो, आणि वर्ग हसायचा. ज्या संतांचं नाव आमच्या विद्यापीठाला आहे ते गाडगेबाबा चिंध्या जोडलेलं वस्त्र आणि फुटकं गाडगं घेऊन गावं झाडत फिरले. त्यांच्यावरचा धडा मी तल्लीन होऊन शिकवायचो, आणि त्याच तासाला हे असं बोलायचो.

पैसे देताना मी मिस्त्रींना विचारलं, "मुलगा हे काम शिकतो ना?" ते हात पुसत म्हणाले, "नाई जी. तो म्हणते, मले लोकं काय म्हणतीन." मला त्यांच्याकडे पाहता आलं नाही.

तेव्हा माझ्या भावंडांनो, भाच्या-पुतण्यांनो, एवढंच मागणं आहे. पुढल्या वेळी कोणी "बदलावं लागेल" म्हणालं तर "का?" असं विचारा, आणि उत्तर मिळाल्याशिवाय खिशात हात घालू नका. घरातलं एखादं पोर पाना-स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलं, तर त्याला उठवून पुस्तकापुढे बसवू नका. मी पुष्कळांना उठवलं आहे.

असो. या रविवारी अकोल्याला जायचं आहे, हिने बहिणीसाठी सांडग्यांचा डबा भरून ठेवला आहे. तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा. चिरंजीवांनीही.