वाचलंय की पाहिलंय?

आमच्या हॉस्टेलमध्ये दोन विषयांवर प्रत्येकाला मत असतं. एक मेसची भाजी आणि दुसरा हॅरी पॉटर. फरक एवढाच, की भाजी निदान सगळ्यांनी खाल्लेली असते!

हॅरीचं तसं नाही. जे. के. रोलिंगचं पहिलं पुस्तक लंडनला २६ जून १९९७ रोजी आलं आणि सातवं, शेवटचं, २१ जुलै २००७ रोजी. म्हणजे आमच्यातले बरेच जण नीट बोलायला लागायच्या आतच मालिका संपलेली होती. आमच्या वाट्याला आले ते आठ सिनेमे, तेही टीव्हीवर, सुट्टीच्या दुपारी, जाहिरातींसकट. तरी मतं मात्र तयार! "ओव्हररेटेड आहे रे." "लहान पोरांचं आहे." "स्नेप बेस्ट, बाकी सगळा टाइमपास."

गेल्या सेमला मी आमच्या विंगमध्ये सहज विचारत सुटलो, की बाबांनो, तुमचं खरं मत काय? सर्व्हे वगैरे काही नाही, सबमिशनच्या काळात करायचा एक उद्योग. त्यातून तीन जाती सापडल्या. पहिली, इंग्रजीतून वाचलेल्यांची. ही संख्येने कमी पण आवाजाने मोठी. दुसरी, नुसते सिनेमे पाहिलेल्यांची. ही संख्येनेही मोठी आणि आवाजानेही. आणि तिसरी जात सापडायला फार वेळ लागला, कारण ती स्वतःहून काही सांगतच नाही. या मुलांनी हॅरी पॉटर मराठीतून वाचलाय. एकाने तर आधी दार लोटलं आणि मग सांगितलं, जणू काही केटी लागल्याचं सांगतोय!

माझा हा लेख या तिसऱ्या जातीच्या बाजूने आहे. माझं म्हणणं असं, की ज्याने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंय त्यालाच त्यावर मत द्यायचा पहिला हक्क, मग ते कुठल्याही भाषेत वाचलेलं असो. आणि आमच्या विंगमध्ये सगळ्यात मुद्देसूद मतं या मराठी वाचकांचीच निघाली.

आता "मराठीत हॅरी? कसंतरीच वाटतं!" या मताकडे येऊ. पहिल्या भागाचं मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. अनुवाद बाळ ऊर्ध्वरेषे यांचा, प्रकाशक भोपाळचे मंजुल पब्लिशिंग हाऊस. 'परीस' हा शब्द बघा. मूळ इंग्रजी नावात 'फिलॉसॉफर्स स्टोन' आहे. १९९८ मध्ये पुस्तक अमेरिकेत गेलं तेव्हा तिथल्या प्रकाशकाने ते बदलून 'सॉर्सरर्स स्टोन' केलं, का तर 'फिलॉसॉफर' शब्द पाहून पोरं पुस्तक हातात घेणार नाहीत. आणि आपल्याकडे? परीस लोखंडाला लागला की सोनं, हे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना पाठ. शेकडो वर्षं संतांच्या अभंगांतून तो आपल्याकडे फिरतोय. म्हणजे जे नाव अमेरिकेतल्या पोरांना जड गेलं असतं, त्याला मराठीत एका शब्दात उत्तर मिळालं.

अर्थात उत्तर अर्धंच आहे, हेही सांगायला हवं. पुस्तकातला दगड सोनं करतोच, पण अमर करणारं पेयही देतो. आपला परीस सोन्यापाशी थांबतो. पुढचं काम अमृताचं. शिवाय काही गोष्टी कुठल्याही अनुवादकाला घाम फोडणाऱ्याच आहेत. टॉम मार्व्होलो रिडल या नावातली अक्षरं उलटसुलट लावून 'आय ॲम लॉर्ड व्होल्डेमॉर्ट' करणं ही रोमन लिपीतली गंमत. ती देवनागरीत जशीच्या तशी आणून दाखवा बरं! 'डायगॉन ॲली' म्हणताना 'डायगोनली' ऐकू येतं, ही कोटीही इंग्रजीतच शोभते. हे नुकसान मान्य.

पण फायदेही आहेत की. इंग्रजीतून वाचणाऱ्या जगभरच्या मुलांना हर्मायनी हे नाव म्हणायचं कसं तेच कळत नव्हतं. शेवटी रोलिंगबाईंनी चौथ्या भागात क्रमला त्या नावाचा उच्चार शिकवण्याचा प्रसंग घातला! देवनागरीत ही भानगडच नाही, छापलंय तसं म्हणायचं. आणि ते मंत्र? 'एक्स्पेलिआर्मस', 'ल्युमॉस'. हे कुठे इंग्रजी आहेत? मोडकंतोडकं लॅटिन ते. लंडनच्या पोराला जेवढं कळतं तेवढंच निफाडच्या पोराला कळतं. इथे तरी सगळे एकाच बाकावर!

आणि अनुवादातून जादू वाचणं मराठीला नवीन आहे का? कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला घेतल्या, त्याही अरबीतून नाही, इंग्रजीवरून. आपल्या आईबाबांच्या पिढीला ज्यूल व्हर्न भेटला तो भा. रा. भागवतांच्या मराठीतून. तेव्हा कोणी विचारलं नाही, "ओरिजिनल वाचलंस का?" विचारलं असतं तर पंचाईतच झाली असती, कारण ओरिजिनल फ्रेंचमध्ये होतं! आज इंग्रजीच्या बाबतीतच आपल्याला 'ओरिजिनल'चा एवढा पुळका का येतो, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर पुस्तकात नाही, आपल्या कॉलेजच्या वातावरणात आहे.

फर्स्ट इयरला वर्गात दोन गट आपोआप पडतात. कॉलेज रोड-गंगापूर रोडकडची इंग्लिश मीडियमची मंडळी पुढे आणि सुरगाणा, कळवण, पेठ, सिन्नरकडची मागे. दहावीपर्यंत ज्याला 'बल' आणि 'त्वरण' म्हटलं त्याला आता फोर्स आणि ॲक्सिलरेशन म्हणायचं. विषय तोच, मार्कही आलेले असतात, पण प्रश्न विचारायला तोंड उघडत नाही. त्यात कोणीतरी 'व्हर्नाक्युलर' अशी हाक मारतो. विनोदच असतो तो, पण मारणाऱ्यासाठी.

आता हर्मायनी आठवा. आईवडील दातांचे डॉक्टर, घरात जादूचा गंध नाही. शाळेत येण्याआधी पोरीने सगळी क्रमिक पुस्तकं पाठ केलेली, कारण तिला भीती आहे की आपण मागे पडू. दुसऱ्या भागात ड्रॅको मॅल्फॉय तिला तिच्या जन्मावरून घाणेरडी शिवी देतो. तोपर्यंत वर्गात सगळ्यात हुशार कोण, हे सगळ्यांना माहीत झालेलं असतं, तरी देतो. आमच्या विंगमधला सुरगाण्याचा मित्र म्हणाला, "त्या पानावर मी पुस्तक मिटून ठेवलं होतं दोन दिवस." घरात इंजिनिअरिंगला आलेला तो पहिलाच. इंग्रजीतून सातही भाग वाचलेल्या कोणीही मला त्या पानाबद्दल एवढं सांगितलं नाही. सांगा, पुस्तक जास्त कोणाला कळलं?

तसं पाहिलं तर हॉगवर्ट्स हे आपलंच हॉस्टेल आहे. तिकडे बोलकी टोपी हाऊस ठरवते, इकडे कॅप राउंड ब्रँच ठरवतो. फरक इतकाच, की हॅरीने मनात "स्लिदरिन नको" म्हटलं तर टोपीने ऐकलं. आमचं कोण ऐकतो! परीक्षा, जर्नलं, उशिरा आल्यावर बोलणी, आणि ओरलला समोर बसलेला स्नेप... ओळख करून द्यायची गरज नाही.

दुसरं मोठं मत आमच्या एका सिनिअरचं. तो विवेकवादी माणूस, आणि त्याचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो म्हणतो, "ज्या महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, मग जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला, तिथे इंजिनिअरिंगच्या पोरांनी मंत्र-तंत्राची पुस्तकं वाचायची? ज्यांच्या बाइकला लिंबू-मिरची असते त्यांना अजून हे कशाला?"

याला उत्तर दिलं ते त्याच सुरगाण्याच्या मित्राने. तो म्हणाला, "भाऊ, त्या शाळेत सगळ्यात जास्त टिंगल कोणत्या विषयाची होते माहितीये? भविष्याची!" आणि खरंच आहे. प्रोफेसर ट्रेलॉनी दरवर्षी एका विद्यार्थ्याचं मरण वर्तवतात आणि आजवर एकही मेलेला नाही, असं मॅक्गॉनॅगल बाई भर वर्गात सांगतात. हर्मायनी तर तिसऱ्या भागात तो तास सोडून चालती होते. दुसऱ्या भागातला लॉकहार्ट बघा. चमकदार दात, सह्या केलेले फोटो, दुसऱ्यांचे पराक्रम स्वतःच्या नावावर. याहून चांगला भोंदू बाबा मराठी लेखकालाही रंगवता आला नसता.

सिनिअर ऐकणारा नव्हता. "पण ट्रेलॉनीचं भविष्य खरं ठरतंच ना?" बरोबर, दोनदा ठरतं. पण सहाव्या भागात डम्बलडोर हॅरीला जे समजावतो ते नीट वाचा. त्या भविष्यवाणीला वजन आलं ते व्होल्डेमॉर्टने तिच्यावर विश्वास ठेवून पुढची कृत्यं केली म्हणून. त्याने दुर्लक्ष केलं असतं तर काहीच घडलं नसतं. एका माणसाने भविष्य खरं मानलं, म्हणून ते खरं झालं! अंधश्रद्धेवर यापेक्षा नेमकं भाष्य कुठल्या गोष्टीच्या पुस्तकात सापडेल? सिनेमात हे सगळं निसटून जातं, म्हणून नुसता सिनेमा पाहिलेल्याला हा मुद्दा सुचत नाही.

आकड्यांशिवाय ज्यांचं समाधान होत नाही त्यांच्यासाठी: डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात ज्योतिषाची चाचणी घेतली होती. त्यात दाभोलकरही होते. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून कोणती कोणाची ते सांगायचं. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती! आणि हेच नारळीकर आयुष्यभर मराठीत कल्पित विज्ञानकथा लिहीत राहिले. २०२१ च्या डिसेंबरात आपल्या नाशकात, आडगावच्या भुजबळ नॉलेज सिटीत ९४ वं साहित्य संमेलन झालं त्याचे ते अध्यक्ष होते. म्हणजे कल्पनेत रमणारा माणूस भोळा असतो हे समीकरण चुकीचंच आहे. गोष्ट वाचताना आपल्याला ठाऊक असतं की ही गोष्ट आहे. बाबा तेवढंच लपवतो. कायदाही फसवणाऱ्या, छळणाऱ्या बाबाविरुद्ध आहे, गोष्टीविरुद्ध नाही.

आणि त्या जादूलाही नियम आहेत बरं का. शून्यातून अन्न तयार करता येत नाही, असलेलं फार तर वाढवता येतं, हे हर्मायनी सातव्या भागात उपाशीपोटी सांगते. मेलेला माणूस परत आणता येत नाही. थर्मोडायनॅमिक्सच्या सरांना आवडेल असं पुस्तक आहे!

"आपल्याकडे आधीच सगळं होतं" म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत. हॉगवर्ट्समध्ये पार्वती आणि पद्मा या जुळ्या बहिणी आहेत. आडनाव पाटील! नाशिक-खानदेशात कुठल्याही वर्गाच्या हजेरीत निघतात तशा. सिनेमात दोघी एकाच हाऊसमध्ये दिसतात, पुस्तकात पार्वती ग्रिफिंडरला आणि पद्मा रेव्हनक्लॉला. आणि आपल्या पार्वती पाटीलचा आवडता तास कोणता? ट्रेलॉनीबाईंचा! लेखिकेने आपल्याला बरोबर ओळखलं म्हणायचं.

माझंही पुस्तकाबद्दल सगळं गोड मत नाही. पाचवा भाग उगाच लांबलाय, शेवटचं 'एकोणीस वर्षांनंतर' घाईत उरकलंय, आणि पाटील बहिणींच्या वाट्याला नाचाच्या कार्यक्रमापलीकडे फारसं काही येत नाही. पण ही मतं मी वाचून देतोय.

तेव्हा मित्रांनो, सेम संपली की एक करा. आपल्या नाशकात १८४० पासून चालू असलेलं सार्वजनिक वाचनालय आहे, कॉलेजची लायब्ररी आहे. विचारून बघा. ज्या भाषेत शेवटच्या पानापर्यंत पोचाल त्या भाषेत घ्या. इंग्रजीत पोचत असाल तर उत्तमच. मराठीत पोचलात तर तेही तितकंच उत्तम, लपवण्यासारखं त्यात काही नाही. पुढच्या वेळी विंगमध्ये चर्चा रंगली की दार लोटू नका, सरळ जाऊन मधे बसा.

आणि कोणी भुवया उंचावून विचारलंच, "मराठीत?" तर शांतपणे सांगा, "हो, पूर्ण वाचलंय. तू कितव्या पानावर आहेस?"