कर्ता नसलेले वाक्य

कोठडीतील मृत्यूच्या बातमीत एक ठरीव वाक्य हमखास भेटते : छातीत दुखू लागल्याने रुग्णालयात हलविण्यात आले, तेथे डॉक्टरांनी मृत घोषित केले. वर्गात प्रयोग शिकविणाऱ्या आम्हांस या वाक्यात काय नाही ते आधी दिसते. हलविले कोणी? दुखू लागले केव्हा, आणि गाडी निघाली केव्हा? कर्ता गाळला की जबाबदारीही गळते.

बाहेरचा रुग्ण रिक्षा थांबवू शकतो. कोठडीतला रुग्ण फक्त हाक मारू शकतो. ती हाक पहारेकरी, अधिकारी, तुरुंगाचा दवाखाना आणि पोलीस गार्ड असा प्रवास करते, आणि जो तो आधी हेच विचारतो की, हा सोंग तर करीत नाही? हृदयविकारात मिनिटे मोलाची असतात. ती या शंकेतच खर्ची पडतात.

फादर स्टॅन स्वामींचे उदाहरण आम्हांला विसरता येत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. कंपवातामुळे पेला हातात धरता येईना, म्हणून त्यांनी नळीचा पेला मागितला. त्यावर उत्तर देण्यास तपासयंत्रणेने वीस दिवसांची मुदत मागितली. तळोजा तुरुंगात प्रकृती ढासळत गेली. खासगी रुग्णालयात हलविण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाकडून मिळाला तो मे २०२१ च्या अखेरीस. ५ जुलैला, जामिनाची सुनावणी चालू असतानाच, त्यांच्या मृत्यूची वार्ता न्यायालयाला कळविण्यात आली. खटला उभा राहण्याआधीच आरोपी गेला.

गुन्हेगारांचे हे लाड कशाला, असे विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांना उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच, परमानंद कटारा खटल्यात, देऊन ठेवले आहे : जखमी माणूस निरपराध असो वा गुन्हेगार, आधी जीव वाचवावा, कायद्याचे सोपस्कार मागाहून. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आरोपीच्या आरोग्याची वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य त्याला ताब्यात ठेवणाऱ्यावरच टाकले आहे. शिवाय सोंग कोणते आणि दुखणे कोणते, हे ठरविणे वैद्याचे काम आहे, शिपायाचे नव्हे. पळून जाण्याचे भय असेल तर पहारा रुग्णालयाच्या दाराशीही बसविता येतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक कोठडीच्या नोंदवहीत चार गोष्टी लिहिल्या जाव्यात : हाक किती वाजता आली, ती कोणी ऐकली, निर्णय कोणी घेतला, गाडी किती वाजता निघाली. नावानिशी लिहाव्यात, कर्तरी प्रयोगात लिहाव्यात. आणि वृत्तपत्रांत पुढेमागे लिहिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी ते ठरीव वाक्य जसेच्या तसे उतरवून घेण्यापूर्वी ठाण्यात जाऊन विचारावे : कोणी?