मराठीतल्या संशोधनाचा हवाला कोण देणार?

आपली मुलं-मुली आता पीएच.डी.पर्यंत पोहोचू लागली आहेत. तिथे सवाल येतो: लेख किती, आणि इतरांनी त्यांचा हवाला किती वेळा दिला? याचंच एक माप म्हणजे एच-निर्देशांक. 2005 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी ते मांडलं. दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा हवाले, तर निर्देशांक दहा.

हिशेब सोपा, पण सामाजिक शास्त्रांत तो लंगडा पडतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या याद्यांत मुख्यतः इंग्रजी नियतकालिकं असतात. केंद्राची एनआयआरएफ क्रमवारीही प्रकाशनं यांवरूनच मोजते.

प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांचंच घ्या. सोलापुरात राज्यशास्त्र शिकवताना त्यांनी भारतीय मुस्लिमांवर मराठीत पुस्तकं लिहिली. 2018 मध्ये ते गेले. मुस्लिम मराठी चर्चा आजही त्यांच्या नावाशिवाय पुढे सरकत नाही. पण एका मराठी पुस्तकाने दुसऱ्याचा दिलेला हवाला या याद्यांत सहसा जमाच होत नाही.

उद्या आपल्या मालवण किनाऱ्यावरच्या दालदी मच्छीमारांवर कुणी मराठीत लिहिलं, तर बंदरावरची माणसं वाचतील, पण आकडा हलणार नाही. इंग्रजीत लिहिलं तर आकडा वाढेल, पण ज्यांच्यावर लिहिलं त्यांनाच ते कळणार नाही.

आम्ही मुलांना इतकंच सांगतो: इंग्रजीत जरूर लिहा, पण मराठी पुस्तक वापरलंत तर लेखक, साल, पान नोंदवा. हदीसची सनद तपासणाऱ्या समाजाला हवाल्याची किंमत वेगळी सांगायला नको.